एस. ई. हिंटन आणि ‘द आउटसायडर्स’ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या सोसायटीत रविवारी सकाळी मी आठवी ते दहावीच्या पोरांना घेऊन पुस्तकं वाचते. फार काही ग्रेट नाही, क्लबहाउसमध्ये सतरंजी टाकून बसतो आणि शेवटी कोणाची तरी आई पोहे आणते. यंदा एस. ई. हिंटनची अमेरिकन कादंबरी ‘द आउटसायडर्स’ घेतली आणि प्रश्नांचा नुसता भडिमार झाला, पोरांचे कमी आणि पालकांचे जास्त. तेच तेच परत टाइप करून बोटं दुखायला लागली म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवतेय. आणि हो, हिंटनबाई आता पंचाहत्तरीच्या पुढे आहेत तरी मी सगळीकडे ‘ती’च म्हणणार आहे, कारण माझ्या डोक्यात ती अजून टाइपरायटरपुढे बसलेली सोळा वर्षांची पोरगीच आहे.

एस. ई. हिंटन म्हणजे नक्की कोण? बाई की माणूस?

बाई. सुझन एलोइझ हिंटन. जन्म २२ जुलै १९४८, गाव टल्सा, राज्य ओक्लाहोमा, म्हणजे अमेरिकेचा मधला भाग जिथे तेलाच्या विहिरी, घोडे आणि काउबॉय असं सगळं एकत्र नांदतं. तिथेच वाढली, तिथेच शिकली, पुस्तकंही बहुतेक त्याच मातीतली. न्यूयॉर्कला जाऊन लेखिका म्हणून मिरवणं वगैरे काही नाही.

खरंच सोळाव्या वर्षी लिहिलं का? की ही प्रकाशकाची जाहिरात?

खरंच. पंधराव्या वर्षी सुरू केलं, बरंचसं काम सोळाव्या वर्षी झालं, आणि २४ एप्रिल १९६७ ला पुस्तक बाजारात आलं तेव्हा ती अठरा वर्षांची होती. पण ‘एका रात्रीत लिहून काढलं’ असं जे लोक सांगतात ते सोडून द्या. पहिला खर्डा होता ओळीला ओळ चिकटवून टाइप केलेली ४० पानं, मग ती परत परत मागे जाऊन त्यात भर घालत राहिली, असं चार वेळा, दीडेक वर्षभर. आणि हे तिचं पहिलं लिखाणही नव्हे. त्याच्या आधी दोन कादंबऱ्या लिहून झाल्या होत्या, घोडे आणि काउबॉयच्या, त्या कधी छापायला दिल्याच नाहीत. म्हणजे आपण जिला पहिली कादंबरी म्हणतो ती तिची तिसरी. हे मी पोरांना मुद्दाम दोनदा सांगते कारण त्यांना वाटतं टॅलेंट म्हणजे पहिल्याच बॉलला सिक्स.

सुचलं कुठून?

तिची शाळा, विल रॉजर्स हायस्कूल, तिथे पोरांचे कंपू होते. एका टोकाला ग्रीसर, म्हणजे गरीब वस्तीतली, केस लांब ठेवून तेल लावून चोपडणारी पोरं, आणि दुसऱ्या टोकाला श्रीमंत घरची, भारी गाड्यांतून फिरणारी. एकदा तिचा एक मित्र सिनेमा बघून चालत घरी येत होता, त्याला या श्रीमंत पोरांनी धरून बेदम मारलं, कारण काय तर तो ग्रीसर दिसत होता. ती चिडून घरी आली आणि लिहायला बसली, बस.

दुसरं कारण मला जास्त आवडतं. तिला वाचायला काही सापडत नव्हतं! लहान मुलांची पुस्तकं वाचून संपलेली, मोठ्यांच्या पुस्तकांत रस नाही, आणि तिच्या वयासाठी म्हणून जे छापलं जायचं त्यात कायम कोणीतरी मुलगी शाळेच्या डान्सला कोणाबरोबर जायचं या चिंतेत. आजूबाजूला पोरं एकमेकांना चाकू दाखवतायत आणि पुस्तकात ड्रेसचा रंग कुठला घालू! तर मला जे वाचायचंय ते कोणी लिहीत नाही ना, मग मीच लिहिते, असा सरळ हिशोब.

ती हे लिहीत होती त्या काळात तिचे वडील आजारी होते आणि ती हायस्कूलमध्ये असतानाच ते कॅन्सरने गेले. पुस्तकातली तीन भावंडं आईवडिलांविना राहतात. याचा त्याच्याशी संबंध असेलच असं मी छातीठोकपणे सांगणार नाही, पण वाचताना डोक्यात येतं खरं.

गोष्ट काय आहे थोडक्यात? (ज्यांनी वाचलं नाही त्यांनी हा प्रश्न गाळा)

पोनीबॉय नावाचा चौदा वर्षांचा मुलगा गोष्ट सांगतो. हे टोपणनाव नाही, बापाने ठेवलेलं खरं नाव आहे. मोठा भाऊ डॅरी वीस वर्षांचा, घर चालवतो, मधला सोडापॉप शाळा सोडून पेट्रोल पंपावर. आईवडील अपघातात गेलेले. एका रात्री पार्कात श्रीमंत पोरं पोनीबॉयला कारंज्याच्या पाण्यात बुडवायला लागतात आणि त्याचा घाबरट मित्र जॉनी चाकू काढतो, एक पोरगा मरतो. दोघं पळतात, गावाबाहेरच्या ओसाड चर्चमध्ये लपतात, तिथे वेळ घालवायला जाडजूड पुस्तक वाचतात आणि रॉबर्ट फ्रॉस्टची कविता आठवतात. मग आग लागते आणि पुढचं तुम्हीच वाचा. शेवटी कळतं की आपण जे वाचलं तो पोनीबॉयचा शाळेतला निबंध आहे, आणि पहिलं वाक्य नि शेवटचं वाक्य एकच. आमच्या एका नववीतल्या पोराला हे कळलं तेव्हा त्याने पुस्तक उलटं करून पहिलं पान परत काढलं आणि “च्यायला” म्हणाला. मी काही बोलले नाही.

त्या श्रीमंत पोरांना ‘सॉक्स’ म्हणायचं का?

नाही हो. लिहिताना पायमोज्यांसारखं दिसतं खरं, पण ते ‘सोशल’चं लघुरूप आहे, त्यामुळे उच्चार ‘सोश’, अनेकवचन ‘सोशेस’. मी स्वतः पहिले तीन प्रकरणं सॉक्सच वाचत होते, लाज नाही वाटत सांगायला.

छापलं कसं गेलं? कोणाची ओळख होती का?

थोडीफार, पण वशिला म्हणता येणार नाही. शाळेतल्या एका मैत्रिणीची आई मुलांसाठी लिहायची, तिने वाचलं, आवडलं, आणि न्यूयॉर्कच्या एका एजंटचं नाव दिलं. एजंट म्हणजे मॅरिलिन मार्लो, कर्टिस ब्राउन या एजन्सीतली. तिने ज्या दुसऱ्या प्रकाशकाला दाखवलं त्यानेच पुस्तक घेतलं, व्हायकिंग प्रेस. करार हातात पडला तो शाळेच्या पदवीदान समारंभाच्या दिवशी. आपल्याकडे दहावीच्या निकालाच्या दिवशी पेढे वाटतात, इथे थेट कादंबरीचा करार.

शाळेत हुशार असणार मग?

हा प्रश्न पालकांचाच असतो दरवेळी. तर ऐका, ज्या वर्षी ती ‘द आउटसायडर्स’ लिहीत होती त्याच वर्षी तिला सर्जनशील लेखनाच्या विषयात ‘डी’ मिळाली. म्हणजे काठावर पास. यावरून मार्कांना अर्थ नाही असं कृपया पोरांना सांगू नका, ती हेच धरून बसतात.

मग नावाची आद्याक्षरंच का?

प्रकाशकाला भीती वाटली की पोरांच्या मारामाऱ्यांची कादंबरी एका मुलीने लिहिलीय म्हटल्यावर परीक्षण लिहिणारे पुरुष वाचायच्या आधीच नाकं मुरडतील. म्हणून एस. ई. आणि ते चाललं, पुष्कळ वाचक वर्षानुवर्षं तिला बाप्याच समजत होते. तिलाही पुढे ते सोयीचं पडलं, पुस्तकावर एक नाव आणि घरी दुसरं, प्रसिद्धी बाहेरच्या नावाला येते आणि आतल्या सुझनला कोणी त्रास देत नाही. मला विचाराल तर चीड येते त्या काळाची, पण तिने त्याचा स्वतःपुरता फायदा करून घेतला हेही खरं.

मुलगी असून सगळ्या गोष्टी मुलांच्या तोंडून का?

ती टॉमबॉय होती, मित्र सगळे मुलगेच. आणि तिचं म्हणणं की १९६० च्या दशकात मुलींना करायला होतंच काय, केस फुगवायचे आणि बॉयफ्रेंडच्या गाडीची वाट बघायची. तिला ज्यांचं डोकं कळत होतं त्यांच्याबद्दल तिने लिहिलं. यावरून तिच्यावर टीका होते आणि थोडी रास्तही आहे, तिच्या कादंबऱ्यांत मुली जरा कडेकडेनेच असतात. पण चेरी आठवा, श्रीमंतांच्या कंपूतली, जी दोन्हीकडे बोलू शकते. आमच्या कट्ट्यावरच्या मुलींना सगळ्यात जास्त तीच आवडली.

पुस्तक गाजल्यावर लगेच दुसरं लिहिलं असेल ना?

नाही. हाच तिच्या करिअरचा सगळ्यात इंटरेस्टिंग भाग आहे आणि हाच लोक गाळतात.

पुस्तक आलं, नाव झालं, ऑगस्ट १९६७ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने तिच्याकडून लेख मागवून छापला, ज्यात तिने कुमारांसाठी लिहिणाऱ्या मोठ्यांची चांगलीच हजेरी घेतली होती. एकोणीस वर्षांची पोरगी! आणि मग ती गोठली. शब्दच फुटेना. आधी कसं होतं, कोणी बघत नव्हतं, मनाला येईल ते खरडायचं. आता प्रत्येक वाक्य लिहिताना वाटायचं की हे लोक वाचणार, आणि पहिल्याइतकं चांगलं नसलं तर? साधं पत्रसुद्धा लिहवेना अशी अवस्था, डिप्रेशन म्हणा.

तेव्हा ती टल्सा युनिव्हर्सिटीत शिकत होती. आधी पत्रकारिता घेतली होती, मग शिक्षणशास्त्राकडे वळली, १९७० ला पदवी. शिकवण्याचं प्रात्यक्षिक केल्यावर कळलं की हे आपल्याला झेपणार नाही, घरी आल्यावरही पोरांच्याच काळज्या डोक्यात राहायच्या. याच कॉलेजात तिला डेव्हिड इनहोफ भेटला आणि त्याने एक साधी अट घातली, रोज दोन पानं लिहायची, नाही लिहिली तर संध्याकाळी फिरायला जायचं नाही. झालं, रोज दोन पानं. जास्त नाही, कमी नाही. मागे वळून बघायचं नाही. काही महिन्यांनी गठ्ठा तयार, सप्टेंबर १९७० मध्ये लग्न, आणि १९७१ ला ‘दॅट वॉज देन, धिस इज नाऊ’ आलं.

आता गंमत बघा. पहिलं पुस्तक रागाच्या भरात आतून उसळून आलेलं, दुसरं शिस्तीत मोजून मापून. वाचताना फरक चक्क जाणवतो, दुसऱ्यातलं वाक्य न वाक्य घासलेलं आहे. कारागिरी दुसऱ्यात जास्त आणि जीव पहिल्यात जास्त असं माझं मत, कोणाचं वेगळं असेल तर रविवारी या, भांडू.

बाकीची पुस्तकं कोणती आणि कुठल्या क्रमाने वाचायची?

कुमारांसाठीच्या कादंबऱ्या एकूण पाचच, १९६७ ते १९८८ या एकवीस वर्षांत. छापल्या त्याच क्रमाने वाचा, कारण पात्रं मधूनच एकीतून दुसरीत डोकावतात.

‘दॅट वॉज देन, धिस इज नाऊ’ मध्ये ब्रायन आणि मार्क सख्ख्या भावांसारखे वाढतात, मग एकाला कळतं की दुसरा गोळ्या विकतोय, आणि तो पोलिसांना फोन करतो. बरोबर केलं की चूक यावर आमचे दोन रविवार गेले. पोनीबॉय यात मध्येच येऊन जातो.

‘रंबल फिश’, १९७५. सगळ्यात बारकी आणि माझ्या मते सगळ्यात चांगली. आधी १९६८ ला कथा म्हणून युनिव्हर्सिटीच्या अंकात आली होती. मोटारसायकलवरच्या एका मुलाचा मासिकातला फोटो तिने जपून ठेवला होता, त्यातून तो ‘मोटरसायकल बॉय’ आला, ज्याला रंग दिसत नाहीत आणि कानानेही नीट ऐकू येत नाही, आणि ज्याच्यासारखं व्हायचं म्हणून धाकटा भाऊ रस्टी-जेम्स जिवाचं रान करतो. गोष्ट सांगतो रस्टी-जेम्स, आणि तो पोनीबॉयसारखा पुस्तकं वाचणारा, कविता आठवणारा नाही, त्याला धड कळत नाही आपल्याभोवती काय चाललंय, पण वाचणाऱ्याला कळतं. असं लिहिणं महाकठीण. पोरांना पहिल्यांदा बोअर होते, त्यांना दोन वर्षांनी परत द्या.

‘टेक्स’, १९७९. यात खेडं, घोडे, आणि बाप रोडिओच्या (काउबॉय लोकांच्या घोडे-बैलांवर बसायच्या स्पर्धा) नादात महिनोन्‌महिने गायब. मोठा भाऊ पैशासाठी घोडा विकून टाकतो तिथे आमच्याकडे एक मुलगी रडली. मनाने सगळ्यात हलकी कादंबरी आहे ही, सुरुवात करायलाही चालेल.

‘टेमिंग द स्टार रनर’, १९८८. ही पहिल्यांदा ‘मी’ सोडून ‘तो’ मध्ये लिहिली. नायक ट्रॅव्हिस, काकाच्या रँचवर पाठवलेला बिघडलेला पोरगा, आणि त्याची कादंबरी एक प्रकाशक विकत घेतो! म्हणजे वीस वर्षांनी ती स्वतःच्याच त्या वयाकडे बाहेरून बघतेय. १९८३ ला तिला मुलगा झाला होता, घरात चार वर्षांचं पोर असताना सोळा वर्षांच्या मुलाच्या आत शिरून ‘मी’ म्हणणं तिला जमेना, मग तिने मांडणीच बदलली.

सिनेमे कोणते बघायचे?

चार आहेत. ‘टेक्स’ १९८२, ‘द आउटसायडर्स’ आणि ‘रंबल फिश’ दोन्ही १९८३, आणि ‘दॅट वॉज देन’ १९८५. पहिल्या तिन्हींत मॅट डिलन आहे. ‘टेक्स’च्या वेळी त्याला घोड्यावर बसायला तिनेच शिकवलं आणि सिनेमातला घोडाही तिचाच, नाव टोयोटा. घोड्याचं नाव टोयोटा.

‘द आउटसायडर्स’च्या सिनेमाची गोष्ट मात्र प्रत्येक शाळेच्या ग्रंथपालांना सांगायला पाहिजे. कॅलिफोर्नियात फ्रेझ्नोजवळ लोन स्टार नावाची शाळा आहे. तिथल्या ग्रंथपालबाईंनी १९८० मध्ये फ्रान्सिस फोर्ड कोपोलाला पत्र लिहिलं, मुलांच्या सह्या गोळा केल्या, सोबत पुस्तकाची एक प्रत जोडली, की याचा सिनेमा करा. कोपोला म्हणजे ‘गॉडफादर’वाला! आणि त्याने केला, आणि त्या शाळेचं नाव सिनेमात अर्पणपत्रिकेत घातलं. शूटिंग टल्सातच. त्यात टॉम क्रूझ, पॅट्रिक स्वेझी, रॉब लो, राल्फ मॅकियो, डायान लेन, सगळे तेव्हा कोवळे आणि बरेचसे अनोळखी. हिंटन स्वतः नर्स म्हणून दिसते, डोळे उघडे ठेवा. आणि शूटिंगच्या सुट्टीच्या रविवारी कोपोला आणि ती बसून ‘रंबल फिश’ची पटकथा लिहायचे, एक संपला की त्याच गावात दुसरा सुरू. तो ब्लॅक अँड व्हाइट आहे, फक्त गोष्टीच्या नावातले भांडकुदळ मासे रंगीत. ‘द आउटसायडर्स’ बघणार असाल तर २००५ ची वाढीव आवृत्ती बघा, २२ मिनिटं जास्त आहेत आणि पुस्तकाला जास्त धरून आहे.

तिनेच यंग अ‍ॅडल्ट हा प्रकार सुरू केला का?

‘एकटीने सुरू केला’ म्हणणं जरा जास्त होतं, तिच्या आधीही किशोरवयावर लिहिलं गेलंय. पण प्रकाशकांना कळलं की चौदा ते अठरा हा वेगळा वाचक आहे, त्याला गोड गोड नको आहे, हे कळवण्यात तिच्या पुस्तकाचा वाटा सगळ्यात मोठा. आपण ज्याला कुमार साहित्य म्हणतो त्याच्या जरा पुढचं वय हे. १९८८ मध्ये अमेरिकन ग्रंथपालांनी या वयासाठी लिहिणाऱ्यांना मार्गारेट एडवर्ड्स पुरस्कार द्यायला सुरुवात केली आणि पहिला तिलाच दिला. ‘द आउटसायडर्स’च्या दीड कोटींहून जास्त प्रती खपल्यात, आणि त्या खपवल्या प्रामुख्याने शिक्षकांनी आणि ग्रंथपालांनी, वर्गात वाचून वाचून.

पुस्तकावर बंदी होती म्हणे? आमच्या मुलांना द्यावं का?

देशभर बंदी वगैरे कधीच नाही. पण काही शाळांतून आणि लायब्रऱ्यांतून काढायची मागणी झाली, सिगारेटी, दारू, मारामाऱ्या, मोडकी घरं म्हणून. १९९० ते ९९ या दशकात सगळ्यात जास्त आक्षेप आलेल्या १०० पुस्तकांच्या यादीत ते आहे. आणि त्याच वेळी कित्येक शाळांत ते अभ्यासाला! मी आठवीच्या पुढे बिनधास्त देते. शिवीगाळ नावालाही नाही म्हटलं तरी चालेल, हिंसा आहे पण ती मिरवलेली नाही, मारामारीत जिंकल्यावरही कोणाचं काही भलं होत नाही हे पोरांना आपोआप दिसतं. ‘दॅट वॉज देन’ मात्र ड्रग्जमुळे नववी-दहावीला.

१९८८ नंतर काय केलं? इतकं कमी का लिहिलं?

१९९५ ला लहान मुलांची दोन पुस्तकं, ‘बिग डेव्हिड, लिटल डेव्हिड’ आणि ‘द पपी सिस्टर’. २००४ ला मोठ्यांसाठी ‘हॉक्स हार्बर’ ज्यात चक्क रक्तपिपासू पिशाच्च आहे, त्यामुळे पोनीबॉय शोधत आलेल्यांनी जपून. २००७ ला ‘सम ऑफ टिम्स स्टोरीज’, छोट्या छोट्या कथा, ओक्लाहोमा युनिव्हर्सिटी प्रेसने काढलेल्या, कोणी फारशा वाचत नाही पण लिहायला शिकणाऱ्यांनी वाचाव्यात, एवढ्याशा जागेत किती मावतं ते कळतं.

आणि कमी का, तर दरवर्षी पुस्तक आलंच पाहिजे हे कोणी ठरवलं? मधल्या काळात ती घोडे पाळत होती, पोर वाढवत होती, टल्सातच राहत होती.

टल्साला जाणं झालं तर बघायला काही आहे का?

आहे! सिनेमात त्या तीन भावांचं जे घर दिसतं ते मोडकळीला आलं होतं, डॅनी बॉय ओकॉनर या रॅपरने ते विकत घेऊन दुरुस्त केलं आणि २०१९ मध्ये म्युझियम म्हणून उघडलं. ज्यांची मुलं-नातवंडं अमेरिकेत त्या बाजूला आहेत त्यांनी मला फोटो पाठवा प्लीज. आणि न्यूयॉर्कला असाल तर ब्रॉडवेवर या गोष्टीचं म्युझिकल एप्रिल २०२४ मध्ये सुरू झालं, त्याच वर्षी सर्वोत्कृष्ट म्युझिकलचा टोनी, म्हणजे तिथला नाटकांचा सगळ्यात मोठा पुरस्कार, मिळाला, निर्मात्यांत अँजेलिना जोली.

पुढचा भाग कधी येणार? पोनीबॉयचं पुढे काय झालं?

येणार नाही. तिला हे कोणीतरी सतत विचारतं आणि ती सतत नाही म्हणते, कारण जिने ते लिहिलं ती सोळा वर्षांची मुलगी ती आता राहिलेली नाही, त्या वयात जे जसं वाटायचं ते तसं परत वाटून घेता येत नाही. आमच्या कट्ट्यावर यावर प्रचंड नाराजी झाली. शेवटी आठवीतल्या एकीने वहीत स्वतःच पुढचं लिहायला घेतलंय, पोनीबॉय कॉलेजला जातो आणि डॅरीचं लग्न होतं, सध्या अकरा पानं झालीत. अजून मला वाचायला दिलेली नाहीत.